फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा
कॉम्प्युटर मागच्या चालू स्थितीत आणण्याबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

रामबागेतून येणारे असोत की सुदामा नगरातून, बरेचसे ग्राहक पीसी टेबलावर ठेवतानाच म्हणतात, "दादा, फॉरमॅट मारून टाका." फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं. आमची कळकळीची विनंती आहे, हा उपाय अगदी शेवटी ठेवा. काल संध्याकाळपर्यंत नीट चालणारा कॉम्प्युटर आज नवा ड्रायव्हर (प्रिंटरसारखं उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा एखादं फुकटातलं सॉफ्टवेअर टाकल्यावर अडला असेल, तर त्याला कालच्या स्थितीत नेण्याची सोय विंडोजमध्येच आहे. तिचं नाव सिस्टम रिस्टोअर. २००० सालच्या विंडोज मिलेनियमपासून ती आहे, विंडोज ११ मध्येही आहे.

ही सोय चालू असेल, तर अपडेट किंवा ड्रायव्हर बसण्याआधी विंडोज आपल्या सिस्टम फायली आणि रजिस्ट्री (सेटिंगांची नोंदवही) जशी आहे तशी टिपून ठेवतं. हाच रिस्टोअर पॉइंट. मागे जाताना तेवढंच परत बसवलं जातं. तुमची पत्रं, फोटो, एक्सेलच्या फायली जागच्या जागी राहतात. त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम मात्र निघून जातात. कोणते जाणार, हे 'स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्रॅम्स' वर क्लिक केलं की आधीच दिसतं. ती यादी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एक गैरसमज फार महागात पडतो. चुकून डिलीट झालेले मुंजीचे फोटो रिस्टोअरने परत येत नाहीत. हार्ड डिस्क खराब झाली असेल तर रिस्टोअर पॉइंटही तिच्याबरोबरच जातात, कारण ते त्याच डिस्कवर असतात. म्हणून टॅलीचा बॅकअप वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्यायलाच हवा. जीएसटीची २० तारीख तोंडावर आली असताना हिशेब शोधत बसण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

आता मुख्य गोष्ट. बऱ्याच कॉम्प्युटरांवर ही सोय बंदच असते आणि ते कळतं ते गरज पडल्यावर. आजच पाहून घ्या. स्टार्टमध्ये 'रिस्टोर पॉइंट' असं इंग्रजीत टाइप करा, 'क्रिएट अ रिस्टोर पॉइंट' उघडा. सी ड्राइव्हसमोर 'ऑफ' दिसलं तर 'कॉन्फिगर' मध्ये जाऊन 'टर्न ऑन सिस्टम प्रोटेक्शन' निवडा. खालची पट्टी सरकवून डिस्कची पाच ते दहा टक्के जागा द्या. मग 'क्रिएट' दाबून पहिला पॉइंट लगेच बनवा, नावात कारण लिहा: 'नवा प्रिंटर टाकण्याआधी'. हे पॉइंट कायम टिकत नाहीत. जागा भरली की जुने आपोआप पुसले जातात, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ते जास्तीत जास्त ६० दिवस राहतात. त्यामुळे मोठा बदल करण्याआधी नवा पॉइंट बनवलेला बरा.

मागे जायची वेळ आलीच तर त्याच खिडकीत 'सिस्टम रिस्टोर' आहे. लॅपटॉपला चार्जर लावा, पीसी यूपीएसवर ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि हे काम अर्धवट तुटलं तर विंडोज उघडेनासं होऊ शकतं. 'रिस्टोरिंग द रजिस्ट्री' वर पडदा बराच वेळ थांबतो. अर्धा तास लागला तरी बटण दाबू नका. मधल्या काळात पासवर्ड बदलला असेल तर जुनाही आठवून ठेवा.

विंडोज सुरूच होत नसेल, तर दोन-तीनदा अडल्यावर दुरुस्तीचा निळा पडदा येतो. त्यात 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये हीच सोय सापडते. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, मोबाईलवरून उघडून पाहा.

एवढं करूनही जमलं नाही तर पीसी आमच्याकडे आणा. येताना ती रिकव्हरी की आणि शेवटी काय टाकलं होतं ते कागदावर लिहून आणलंत तर आमचं निम्मं काम तिथेच होईल. तुमचा डेटा बाजूला काढून, तो तुम्हाला उघडून दाखवल्याशिवाय आम्ही फॉरमॅटला हात लावत नाही.