फिशटँकच्या सांध्यातले सिलिकॉन निळे का पडते?

माशांच्या अंगावरच्या बुरशीसाठी मिथिलीन ब्लू हे निळे औषध टाकले, आठवड्याने पाणी बदलले, फिल्टरमध्ये कार्बन घातला. पाणी लख्ख झाले, पण कोपऱ्यांतले सिलिकॉन, म्हणजे काचा जोडणारा रबरासारखा पदार्थ, शाई सांडल्यासारखे निळेच राहिले आणि कितीही घासले तरी जात नाही. जाणार कसे? डाग सिलिकॉनवर नाही, सिलिकॉनच्या आत आहे. तो आत कसा शिरला हे समजून घ्यायला टाकीचे सांधे कसकसे बदलत आले ते पाहावे लागते.

लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये मत्स्यालय उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकामुळे ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. त्या काळच्या पुष्कळशा टाक्यांना लोखंडी चौकट असे, तळाला पाटीचा दगड, आणि सांध्यात लांबी. ही लांबी म्हणजे जवसाच्या तेलात मळलेली खडूची पूड. पुष्कळदा त्यात शेंदूरही घालत, म्हणजे चक्क शिसे. काच चौकटीला आतल्या बाजूने टेकवलेली असायची, त्यामुळे पाण्याचा दाबच तिला लांबीवर दाबून धरी. टाकी भरलेली असेपर्यंत सगळे ठीक. महिनाभर रिकामी ठेवली की लांबी सुकून तडकायची आणि पाणी भरताच गळती सुरू. सांध्याच्या रंगाची चिंता तेव्हा कुणी करत नसे. लांबी चौकटीआड झाकलेली, आणि डाग म्हणजे गंजाचा, हे ठरलेलेच.

‘सिलिकॉन’ हे नाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉटिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंग यांनी रूढ केले, पण त्यांना स्वतःला या चिकट पदार्थांपासून फारशी आशा नव्हती. १९४० मध्ये अमेरिकेत यूजीन रोचो यांनी तांब्याच्या साहाय्याने सिलिकॉन मूलद्रव्य (नाव सारखे, पदार्थ वेगळा) आणि मिथिल क्लोराइड यांचा थेट संयोग घडवून कच्चा माल मुबलक केला आणि १९४३ मध्ये डाऊ कॉर्निंग ही कंपनी खास याच धंद्यासाठी उभी राहिली. पुढे ट्यूबमधून बाहेर पडताच हवेतल्या ओलाव्याने घट्ट होणारे सिलिकॉन आले आणि १९६० च्या दशकात चौकटच नको झाली. काचेला काच चिकटवली की टाकी तयार. लपलेला सांधा त्या दिवसापासून डोळ्यांसमोर आला.

ट्यूबमधल्या सिलिकॉनला व्हिनेगरचा वास येतो. बाहेरचा ओलावा आत शिरतो, रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि त्यातून सुटलेले अ‍ॅसेटिक आम्ल बाहेर पडते. हे काम पृष्ठभागाकडून आत सरकत जाते, साधारण २४ तासांत २ ते ३ मिलिमीटर. म्हणजे घट्ट झालेल्या थरातूनही ओलावा आत जात असतो आणि आम्ल बाहेर येत असते. सिलिकॉनच्या साखळ्या इतक्या सैल आणि लवचीक असतात, म्हणून तर ते मधोमध कच्चे राहत नाही. पण हेच दार रंगांनाही उघडे असते. डाग हा मालातला दोष नव्हे, जातीचा गुण आहे.

आणि माशांची जुनी औषधे मुळात कापड रंगवायचे रंगच. मिथिलीन ब्लू १८७६ मध्ये हाइनरिश कारो यांनी तयार केले. १८९१ मध्ये पॉल एर्लिश यांनी ते मलेरियाच्या रुग्णांवर वापरून पाहिले. मॅलाकाइट ग्रीन हे असेच हिरवे औषध १८७७ चे. खाण्याच्या माशांसाठी ते आज अनेक देशांत चालत नाही, पण शोभेच्या माशांच्या औषधांत अजून सापडते. पाण्यात त्याचा काही भाग रंगहीन, तेलात सहज मिसळणाऱ्या रूपात जातो. सिलिकॉनलाही पाण्यापेक्षा असल्याच रेणूंची जास्त ओढ, त्यामुळे ते त्याला आत घेते. रंग किती खोल जाणार हे औषधाच्या मात्रेपेक्षाही ते किती दिवस पाण्यात राहिले यावर बरेच अवलंबून असते. एकदा आत गेल्यावर ब्लीच फक्त वरचा थर फिका करते. रिकामी टाकी उन्हात ठेवली तर मिथिलीन ब्लू हळूहळू विटते, तेवढाच उपाय. उरलेला निळा रंग माशांना बाधत नाही. उपचार साध्या प्लास्टिकच्या टबात केले तर हा प्रश्नच येत नाही.

बाकीचे रंग पृष्ठभागावरचे. पोटॅशियम परमँगनेटने आलेला तपकिरी थर मँगनीज डायऑक्साइडचा असतो. तो ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि थोडे व्हिनेगर लावले की विरघळतो. क्षारांचा पांढरा थर नुसत्या व्हिनेगरने निघतो. पारदर्शक सिलिकॉन पाण्यात राहून दुधाळ दिसू लागले तर त्याने थोडे पाणी शोषले आहे एवढेच. वाळले की बहुधा पुन्हा स्वच्छ होते. शेवाळासाठी पाण्याची पातळी उतरवून पेरॉक्साइडमध्ये भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या तासभर लावून ठेवाव्यात. ब्लीचमध्ये व्हिनेगर चुकूनही मिसळू नये, क्लोरीन वायू सुटतो.

डाग न पडणारे सिलिकॉन हवे म्हणून न्हाणीघरासाठीची ‘बुरशीरोधक’ ट्यूब आणणे ही नेहमीची चूक. तिच्यात बुरशी मारायचे विष मुद्दाम मिसळलेले असते; एके काळी त्यासाठी आर्सेनिकचे एक संयुगही वापरात होते. ते पाण्यात हळूहळू झिरपते, आणि बुरशीला मारणारे विष माशांना सोडत नाही.

खरी काळजी एकाच रंगाची: सिलिकॉन आणि काच यांच्या मधोमध सरकणारी हिरवी रेघ. सांध्यात दोन भाग असतात. दोन काचांच्या मधला पातळ थर टाकी धरून ठेवतो, आणि आतल्या कोपऱ्यातली गोलाकार पट्टी त्या थराचे रक्षण करते. काच खरवडताना ब्लेडचे टोक पट्टीच्या कडेला लागले की कड उचलली जाते, त्या फटीत शेवाळ शिरते आणि वाढता वाढता कड आणखी सोलते. ४५ सेंटिमीटर खोल पाण्याचा तळाशी दाब जेमतेम ४.४ किलोपास्कल, सिलिकॉनची ताणशक्ती त्याच्या शेकडो पट. सांधा सिलिकॉन फाटून सहसा जात नाही, काचेवरची पकड सुटून जातो.

रेघ पट्टीपुरतीच असेल तर पट्टी बदलता येते, पण पूर्ण. जुन्यावर नवे सिलिकॉन धरत नाही. टाकी कोरडी करून आतली पट्टी धारदार ब्लेडने काढावी, मधल्या थराला धक्का लावू नये. काच अ‍ॅसिटोनने पुसावी, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावावा, नव्या सिलिकॉनची पट्टी ओढून बोटाने एका फटक्यात सारखी करावी आणि वर साय धरण्याआधी, म्हणजे साधारण १० मिनिटांच्या आत, टेप काढावा. पाणी ७ दिवसांनी. रेघ मधल्या थरात गेली असेल तर ठिगळ लावून भागत नाही, टाकी सुटी करून पुन्हा जोडावी लागते.

काळे सिलिकॉन हा डागांवरचा सोपा तोडगा. त्यातल्या काजळीमुळे निळे-हिरवे काही दिसत नाही, पण ती हिरवी रेघही दिसत नाही. काळ्या सांध्यावर बाहेरून टॉर्च तिरका धरावा. पकड सुटलेली जागा चंदेरी चमकते.