पेनड्राइव्ह काढताना: ‘क्विक रिमूव्हल’ आणि ‘बेटर परफॉर्मन्स’

कॉपीची पट्टी भरली की पेनड्राइव्ह ओढून खिशात. झेरॉक्सच्या दुकानात रोज दिसणारं दृश्य. बहुतेक वेळा काही बिघडत नाही, म्हणूनच सवय लागते. माझ्या भाचीचा प्रोजेक्ट मात्र असाच गेला. सबमिशनच्या सकाळी फाइलचं नाव दिसत होतं, साइजही बरोबर होती, पण फाइल काही उघडेना.

‘सेफली रिमूव्ह आता लागत नाही’ असं एकजण सांगतो, दुसरा म्हणतो लागतंच. दोघंही खरं बोलत असतात, कारण विंडोजमध्ये सेटिंग दोन आहेत.

‘बेटर परफॉर्मन्स’मध्ये फाइल आधी कॉम्प्युटरच्या मेमरीत जाते आणि पेनड्राइव्हवर मागाहून, सवडीने उतरते. काम झटपट झाल्यासारखं वाटतं. पण पट्टी भरली याचा अर्थ एवढाच, की विंडोजने माल ताब्यात घेतला. तो पोचवला असं नाही. तेवढ्यात पेनड्राइव्ह ओढला, तर राहिलेला भाग गेलाच. इथे ‘सेफली रिमूव्ह’ केलंच पाहिजे. त्या क्लिकने उरलेलं लिखाण आधी पूर्ण होतं.

‘क्विक रिमूव्हल’मध्ये विंडोज असं मागे ठेवत नाही. कॉपीला थोडा जास्त वेळ लागेल, पण पट्टी संपली की फाइल पोचलेली असते. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटपासून, मायक्रोसॉफ्टने मूळ सेटिंग हेच ठेवलं आहे. त्याआधी ‘बेटर परफॉर्मन्स’ होतं.

म्हणून घरच्या नव्या लॅपटॉपवरची सवय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चालेलच असं नाही. सेटिंग पेनड्राइव्हमध्ये नसतं, त्या कॉम्प्युटरमध्ये असतं, तेही प्रत्येक डिव्हाइससाठी वेगळं. पाहायचं असेल तर डिस्क मॅनेजमेंट उघडा, डावीकडे ‘डिस्क १’ असं (किंवा तुमच्या पेनड्राइव्हचा जो आकडा असेल तो) लिहिलेल्या चौकटीवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज आणि मग पॉलिसीज. दोन्ही पर्याय एकाखाली एक दिसतील.

क्विक रिमूव्हल असलं तरी कॉपी चालू असताना ओढणं चुकीचंच. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेले असतात आणि या दोन्हींत अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद ठेवणारं जर्नल नसतं. कोणती फाइल कुठे आहे याचा तक्ताच अर्धा लिहिला गेला, तर आधीपासूनच्या फाइलीही सापडेनाशा होतात. पेनड्राइव्हवरचीच फाइल वर्डमध्ये उघडी असेल, तर ती सेव्ह करून आधी बंद करा. फिरत्या तबकडीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कला तर सेटिंग कुठलंही असो, मी नेहमी सेफली रिमूव्ह करते आणि तबकडीची घरघर थांबल्यावरच वायर काढते.

लिनक्सवर पट्टी भरल्यानंतरही इजेक्टला कधीकधी दोन-तीन मिनिटं लागतात. तेव्हा कॉम्प्युटर अडकला असं समजून पेनड्राइव्ह ओढू नका. खरं लिखाण त्याच वेळी चालू असतं.