वैशाखातही न वितळणारं अंडं: किंडर जॉयची पार्श्वभूमी

मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं गावी आली की मालवण-देवगडकडच्या वाडीतल्या दुकानात गल्ल्याशेजारी किंडर जॉय हमखास दिसतं. चॉकलेटची वडी तशी उघड्यावर ठेवायची सोय नाही. कोको बटर साधारण 34 अंशांना पातळ होतं आणि पत्र्याखालचं दुकान भर दुपारी तेवढं सहज तापतं. हे अंडं घडलं तेच मुळी उन्हाळ्याचा विचार करून.

त्याचं मूळ इटलीतल्या आल्बा या गावचं. दुसऱ्या महायुद्धानंतर कोकोची टंचाई होती, म्हणून पिएत्रो फेरेरो या मिठाईवाल्याने त्या भागात मुबलक पिकणारे हेझलनट वाटून त्यात जेमतेम कोको घातला. 1946 मध्ये फेरेरो कंपनी उभी राहिली, किंडर जॉय तिचंच. त्यांचा मुलगा मिकेले याने 1968 मध्ये खास मुलांसाठी दुधाचं प्रमाण वाढवलेलं किंडर चॉकलेट आणलं.

इटलीत ईस्टरला चॉकलेटची पोकळ अंडी फोडतात, आत भेटवस्तू असते. वर्षातून एकदाची ही मजा मुलांना कधीही मिळावी, म्हणून 1974 मध्ये किंडर सरप्राइज आलं. ते घडवण्यात विल्यम सालिचे यांचा मोठा वाटा होता. कवच चॉकलेटचं, पोटात खेळणं. अमेरिकेत मात्र 1938 च्या कायद्यामुळे खाऊच्या आत खेळणं घालून विकता येत नाही, त्यामुळे तिथे त्याला मज्जावच राहिला.

2001 मध्ये किंडर जॉय आलं, तेव्हा चॉकलेटचं कवचच काढून टाकलं. प्लास्टिकच्या अंड्याचे दोन भाग: एकात खेळणं, दुसऱ्यात दुधाचं आणि कोकोचं मऊ क्रीम, त्यात रुतलेल्या दोन कुरकुरीत गोळ्या आणि चाटूनपुसून खायला चमचा. क्रीम मुळातच मऊ, मग वितळून आकार बिघडायचा प्रश्नच नाही. खाऊ आणि खेळणं वेगवेगळं असल्याने 2017 मध्ये ते अमेरिकेतही पोचलं. आपल्याकडे तर 2011 पासून बारामतीतच कारखाना आहे.

कल्पना मला मनापासून आवडते. पण मुलांसाठी निळं आणि मुलींसाठी गुलाबी, अशी वाटणी करून ते इथे विकलं गेलं, ते मुळीच पटलं नाही. आणि चॉकलेटच्या कवचाच्या जागी प्लास्टिक आलं, त्याची झळ आपल्याला बसते. कचऱ्याची गाडी न येणाऱ्या वाड्यांतली ही टरफलं पहिल्या पावसात व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, लागतात आणि खाडीत जातात.