नागरिकत्व शाळा (अमेरिका, १९५७ ते १९७०)

नागरिकत्व शाळा म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय प्रौढांसाठी चालवलेले रात्रीचे वर्ग. लिहायला-वाचायला शिकवायचं, त्या जोरावर मतदार यादीत नाव घालून घ्यायचं, आणि मग आपल्या भागाचा कारभार कोण बघतं, जाब कुणाला विचारायचा हे समजून घ्यायचं, एवढाच तो बेत. पहिला वर्ग ७ जानेवारी १९५७ ला दक्षिण कॅरोलिनातल्या जॉन्स आयलंड या बेटावर भरला आणि १९७० पर्यंत असे जवळपास ९०० वर्ग दक्षिणेत ठिकठिकाणी चालले. नागरी हक्क चळवळ म्हटलं की आपल्याला मोर्चे आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची भाषणं आठवतात, ते बरोबरच आहे, पण मोर्चा संपल्यावर माणूस घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याला मतदार नोंदणी कचेरीत एकट्यानंच उभं राहायचं असतं. तिथे उभं राहायची तयारी या वर्गांनी करून घेतली, आणि ते वर्ग उभे करणाऱ्या, चालवणाऱ्या बहुतेक बायका होत्या.

मत द्यायला वाचता का यावं लागायचं

कागदावर हक्क होता. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीनं वंशाच्या कारणावरून मत नाकारायला बंदी घातली, १९२० च्या एकोणिसाव्या दुरुस्तीनं बायकांना मत मिळालं. पण दक्षिणेकडच्या राज्यांनी त्यातून पळवाटा काढल्या. दक्षिण कॅरोलिनात नाव नोंदवायचं तर राज्यघटनेचं कुठलंही कलम वाचून-लिहून दाखवा, नाहीतर ३०० डॉलर किमतीची मालमत्ता दाखवा असा नियम होता. आणि वाचलेलं बरोबर की चूक हे कोण ठरवणार, तर समोर बसलेला गोरा रजिस्ट्रार, म्हणजे मतदार नोंदणी अधिकारी. मिसिसिपीत तर नुसतं वाचून भागायचं नाही, अर्थही सांगावा लागायचा आणि तो रजिस्ट्रारला पटावा लागायचा. फॅनी लू हेमर ही शेतमळ्यावर राबणारी बाई ३१ ऑगस्ट १९६२ ला इंडियानोला गावी नाव नोंदवायला गेली तेव्हा तिला 'डी फॅक्टो' (कागदावर नसले तरी प्रत्यक्षात चालणाऱ्या) कायद्यांबद्दलच्या कलमाचा अर्थ विचारला गेला, म्हणजे वकिलालाही घाम फुटावा असा प्रश्न. ती नापास झाली, आणि ज्या मळ्यावर १८ वर्षं काम केलं तिथून त्याच दिवशी तिला बाहेर काढलं.

म्हणजे अडचण दुहेरी होती. चाचणी पास होणं अवघड, आणि नुसता अर्ज केला तरी नोकरी, घर, कधीकधी जीव जायची भीती. काही राज्यांत त्याशिवाय मत देण्यासाठी भरायचा मतदान करही होता, निवडणुकांचा खर्च भागवायला नव्हे तर गरिबाला दूर ठेवायला, तो संघराज्याच्या निवडणुकांपुरता १९६४ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीनं गेला.

बेटावरची सुरुवात

जॉन्स आयलंडवर ईसॉ जेंकिन्स नावाचे गृहस्थ बस चालवायचे. बेटावरच्या लोकांना कामाधंद्यासाठी चार्ल्सटन शहरात सोडायचं हा त्यांचा धंदा, आणि वाटेत ते प्रवाशांना राज्यघटनेचं मतदानाचं कलम समजावून सांगायचे. त्यात अ‍ॅलिस वाइन नावाच्या बाई होत्या, त्यांनी ते कलम ऐकून ऐकून तोंडपाठ केलं. पण पाठ असणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं हे त्यांनाच खटकत होतं, खरंखुरं वाचायला शिकवाल का असं त्यांनी जेंकिन्सना विचारलं. या एका प्रश्नातून पुढचं सगळं उभं राहिलं असं म्हटलं तरी चालेल.

१९५४ मध्ये जेंकिन्स टेनेसी राज्यातल्या हायलँडर फोक स्कूल या संस्थेच्या शिबिराला गेले. माइल्स हॉर्टन यांनी १९३२ मध्ये सुरू केलेली ही संस्था, काळे-गोरे एकत्र बसून शिकतील अशी त्या काळात दक्षिणेत फार कमी ठिकाणं होती, त्यातलं एक. मॉन्टगोमेरी शहराच्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देण्याच्या काही महिने आधी, १९५५ च्या उन्हाळ्यात, रोझा पार्क्सही इथल्या एका शिबिरात होत्या. जेंकिन्स यांनी तिथे सांगितलं की आमच्याकडे मोठ्या माणसांसाठी शाळा पाहिजे. हायलँडरनं बिनव्याजी कर्ज दिलं, त्यातून प्रोग्रेसिव्ह क्लब या बेटावरच्या लोकांच्या संघटनेनं एक जुनी शाळेची इमारत विकत घेतली. त्याआधी गावातल्या शाळेत आणि चर्चमध्ये जागा मागून झाली होती, पण गोऱ्यांच्या भीतीनं कुणी हो म्हणेना. म्हणून पुढच्या भागात किराणा दुकान आणि मागच्या खोल्यांत वर्ग अशी रचना केली, रस्त्यावरून जाणाऱ्याला दुकानच दिसावं.

सेप्टिमा क्लार्क आणि बर्निस रॉबिन्सन

या शाळांची आखणी सेप्टिमा पॉइन्सेट क्लार्क (१८९८ ते १९८७) यांची. चार्ल्सटनच्या सरकारी शाळांत तेव्हा कृष्णवर्णीय शिक्षक घेत नसत म्हणून १९१६ मध्ये त्या शिकवायला जॉन्स आयलंडवर गेल्या, आणि पुस्तकं नव्हती म्हणून ड्रायक्लीनिंगच्या कागदी पिशव्यांवर मुलांच्याच आसपासच्या गोष्टी लिहून त्यावरून वाचायला शिकवलं. ही पद्धत त्यांनी पुढे कधी सोडली नाही, शिकणाऱ्याच्या रोजच्या जगण्यातून धडा काढायचा. १९५६ मध्ये दक्षिण कॅरोलिनानं कायदा केला की एनएएसीपी या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचा सभासद सरकारी नोकरीत राहू शकत नाही. क्लार्क यांनी सभासदत्व लपवलं नाही. जवळपास ४० वर्षं शिकवलेल्या बाईची नोकरी गेली आणि पेन्शनही गेलं. मग हॉर्टन यांनी त्यांना हायलँडरला बोलावून घेतलं.

पहिल्या वर्गाला शिक्षिका म्हणून क्लार्क यांनी आपल्या नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन यांना उभं केलं. त्या चार्ल्सटनमध्ये ब्युटी पार्लर चालवायच्या, शिवणकाम करायच्या, शिकवायचा अनुभव नव्हता. यामागे पक्का विचार होता. पदवीधर शिक्षक बेटावरच्या माणसांकडे वरून बघेल ही एक भीती, शिवाय शिक्षक सरकारी नोकर, त्याला एका दिवसात घरी बसवता येतं. केस करणाऱ्या बाईची गिऱ्हाइकं काळ्या बायकाच असतात, तिचं पोट कुठल्या गोऱ्या मालकाच्या हातात नसतं, आणि तिच्या खुर्चीत बसून बायका मोकळेपणानं बोलतात त्यामुळे गावात काय चाललंय हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. माझ्या मते या सगळ्या कार्यक्रमातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच होता. पुढे नॉर्थ चार्ल्सटनचा एक वर्ग तर ब्युटी पार्लरमध्येच भरायचा.

वर्गात काय चालायचं

रॉबिन्सन पहिल्या दिवशी लहान मुलांची शाळेतली पुस्तकं घेऊन गेल्या आणि लगेच लक्षात आलं की हे इथे चालणार नाही, साठीच्या माणसाला बाराखडीची चित्रं दाखवली की त्याला लाज वाटते. त्यांनी ती बाजूला ठेवली, मी काही शिक्षिका नाही, आपण मिळूनच शिकू असं सांगितलं आणि विचारलं की तुम्हाला काय शिकायचंय. उत्तरं अगदी व्यवहारातली आली, स्वतःचं नाव लिहायचंय, मनीऑर्डरचा फॉर्म भरायचाय, कॅटलॉग बघून सामान मागवायचंय, आणि राज्यघटनेचं ते कलम वाचायचंय. मग धडे तेच झाले. नाव शिकवायला पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहून द्यायचं आणि शिकणाऱ्यानं त्यावरून पेन्सिल फिरवत राहायची, हाताला वळण बसेपर्यंत. आयुष्यभर नांगर आणि कुदळ धरलेले हात, पेन्सिल इतकी घट्ट धरायचे की ती काडकन मोडायची, मोडली की दुसरी द्यायची, कुणी काही बोलायचं नाही. भिंतीवर मानवी हक्कांचा जाहीरनामा लावलेला होता, वर्ग संपेपर्यंत हा सगळ्यांना वाचता यावा असं रॉबिन्सन यांनी मनाशी ठरवलं होतं.

वर्ग आठवड्यातून दोन रात्री, दोन-दोन तास, आणि शेतीची कामं नसलेल्या हिवाळ्याच्या महिन्यांत. राज्यघटना एकीकडे आणि मनीऑर्डर दुसरीकडे असं इथे नव्हतंच, कारण ज्या बाईला आता बँकेत अंगठ्याऐवजी सही करता येते तिला रजिस्ट्रारसमोर उभं राहायचं धाडस तिथूनच येतं. हिशेब शिकवायचा तर खताचा किंवा पेट्रोलचा, आणि वाचता यायला लागलं की पुढचे प्रश्न, रस्ता का होत नाही, शाळेच्या बसचे पैसे कोण मंजूर करतं, शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलिसप्रमुखाला, कोण निवडून देतं.

धाड, स्थलांतर, डॉर्चेस्टर

वडमालॉ, एडिस्टो अशा शेजारच्या बेटांवर वर्ग पसरायला लागले तसे टेनेसी सरकारचे डोळे वटारले. ३१ जुलै १९५९ ला हायलँडरवर पोलिसांची धाड पडली, हॉर्टन तेव्हा परदेशात होते आणि शिबिर क्लार्क चालवत होत्या. दारूला कधी स्पर्श न करणाऱ्या या बाईंना बेकायदा दारू बाळगल्याच्या आरोपाखाली अटक झाली. आरोप टिकला नाही, पण १९६१ मध्ये संस्थेचा परवाना रद्द होऊन मालमत्ता जप्त झाली. सुदैवानं तोपर्यंत शाळांचा कार्यक्रम किंग यांच्या एससीएलसी या संघटनेकडे सोपवला गेला होता आणि क्लार्कही तिकडे गेल्या.

आता केंद्र झालं जॉर्जियातल्या मॅकिंटॉश इथलं डॉर्चेस्टर सेंटर. क्लार्क, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग हे तिघं ते बघायचे. गावोगावची माणसं बसमध्ये भरून यायची, पाच दिवस राहायची, शिकवायचं कसं हे शिकून परत जायची आणि आपल्या स्वयंपाकघरात, चर्चमध्ये, झाडाखाली वर्ग काढायची. निवड करताना एकच बघायचं, माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाचून दाखवू शकतो का आणि लोक त्याचं ऐकतात का. मानधन महिन्याला ३० डॉलर. काल शिकायला आलेली बाई उद्या शिकवायला उभी राहते, ही साखळी हेच या शाळांचं खरं बळ, कारण एका नेत्याला तुरुंगात टाकता येतं, शेकडो स्वयंपाकघरांना टाळं लावता येत नाही.

हेमर याच साखळीतून तयार झाल्या. १० जानेवारी १९६३ ला त्या चाचणी पास झाल्या, आणि जूनमध्ये चार्ल्सटनच्या प्रशिक्षणाहून परतताना मिसिसिपीतल्या विनोना गावी पोलिसांनी त्यांना आणि शाळांच्या कार्यकर्त्या अ‍ॅनेल पाँडर यांना तुरुंगात बेदम मारलं. हेमर यांना त्याचा त्रास आयुष्यभर राहिला. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी ही हकीकत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात समितीपुढे सांगितली आणि ती टीव्हीवरून देशभर गेली.

बायकांचं काम, पुरुषांचं श्रेय

क्लार्क एससीएलसीच्या कार्यकारिणीवर होत्या, पण बैठकीत त्यांच्या बोलण्याला किंमत नसायची, ही बाई इथे कशाला असं किंग यांचे जवळचे सहकारी राल्फ अ‍ॅबरनॅथी विचारायचे हे त्यांनीच नंतर सांगितलंय. सगळे मोर्चे तुम्हीच काढू नका, गावोगावच्या माणसांना पुढे येऊ द्या असं पत्र त्यांनी किंग यांना लिहिलं, ते बैठकीत वाचलं गेलं तेव्हा लोक हसले. किंग यांच्याबद्दल त्यांचा आदर कमी झाला नाही, पण बायकांना बरोबरीनं न वागवणं ही चळवळीची मोठी उणीव होती हे त्या शेवटपर्यंत स्पष्ट बोलत राहिल्या. आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं. सूत्रसंचालन, भाषण, फोटो हे दिसतं, रात्री नऊ वाजता कुणाचातरी हात धरून 'क' गिरवून घेणं दिसत नाही, इतिहास लिहितानाही बराच काळ तसंच झालं. सत्तरच्या दशकात क्लार्क चार्ल्सटनच्या शाळा मंडळावर निवडून आल्या, बुडालेलं पेन्शनही त्यांना मिळालं.

१९६५ नंतर

६ ऑगस्ट १९६५ ला मतदान हक्क कायद्यावर सही झाली आणि दक्षिणेच्या बहुतेक भागात साक्षरता चाचणी थांबली, १९७० मध्ये ती देशभर बंद झाली. मिसिसिपीत कृष्णवर्णीय मतदारांची नोंदणी १९६४ मध्ये ७ टक्क्यांच्या आत होती, ती १९६७ पर्यंत ६० टक्क्यांच्या घरात गेली. हे कायद्यानं झालं हे खरं, पण कायदा झाल्यावर रांगेत उभं राहायला माणसं तयार होती आणि कुठे जायचं, काय मागायचं हे त्यांना ठाऊक होतं, ते या वर्गांमुळे. चाचणीच गेल्यावर वर्गांचा भर बदलला, सरकारी योजना, आरोग्य, उमेदवार उभे करणं इकडे वळला, आणि १९७० मध्ये क्लार्क निवृत्त झाल्या तोवर कार्यक्रम आवरत आला होता.

त्या कायद्यात एक महत्त्वाची तरतूद होती, भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यायची. दक्षिण कॅरोलिनानं तिला लगेच आव्हान दिलं आणि १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरलं. २०१३ मध्ये मात्र शेल्बी काउंटी खटल्यात त्याच न्यायालयानं कुठली राज्यं यात येतात हे ठरवणारं सूत्रच रद्द केलं, त्यामुळे मंजुरीची अट नुसती पुस्तकात उरली. त्यानंतर काही राज्यांनी ओळखपत्राचे नियम कडक केले, मतदान केंद्रं कमी केली, आणि यादीत नाव आहे ना हे निवडणुकीच्या बरंच आधी तपासून घ्या, हे सांगत दारोदार फिरण्याचं काम स्थानिक महिला गटांना आणि चर्चना पुन्हा हाती घ्यावं लागलं.