सुकाणू वेळेवर सोडण्याचं गणित

शिडाच्या लहान बोटीवर ऑटोपायलट, म्हणजे ठरलेल्या दिशेने आपोआप सुकाणू धरणारं यंत्र, बसवला की पहिली तक्रार ठरलेली: बोट सरळ न जाता नागमोडी जाते. मालक मग 'गेन' वाढवतो. बोट आणखीच झोकांड्या खाते, सुकाणू वळवणारी मोटर सारखी घरघरत राहते आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी उतरते.

गेन म्हणजे चुकीच्या किती पट सुकाणू द्यायचं तो आकडा. बोट १० अंशांनी ढळली आणि गेन ०.५ असला, तर सुकाणू ५ अंश वळतं. पण बोट जड असते; वळू लागली की सुकाणू मध्यावर आणलं तरी वळतच राहते. दिशा साधल्यावर सुकाणू सोडलं तर उशीर झालेला असतो. बोट पलीकडे जाते, यंत्र उलट सुकाणू देतं, की पुन्हा तेच.

मुरलेला सुकाणूधारी बोट सरळ व्हायच्या आधीच सुकाणू परत आणतो, वेळ पडली तर थोडं उलटही देतो. बोट किती चुकली याइतकंच ती किती वेगाने वळतेय, हे तो बघत असतो. रशियातून अमेरिकेत गेलेल्या निकोलस मिनोर्स्की यांनी नेमकं हेच १९२२ साली समीकरणांत मांडलं. अमेरिकी नौदलाच्या 'न्यू मेक्सिको' या युद्धनौकेवरच्या चाचण्यांत दिशेची चूक अखेर अंशाच्या सहाव्या भागाइतकी कमी झाली. बहुतेक सुकाणूधाऱ्यांना हे जमत नसे. तरी नौदलाने ती यंत्रणा घेतली नाही, कारण खलाशांनाच ती नको होती! (यात नवल ते काय?)

वळण्याचा वेग बघून आधीच सुकाणू परत आणायची ही युक्ती म्हणजेच आजच्या ऑटोपायलटमधलं 'काउंटर रडर'. वाऱ्याने बोट सतत एकीकडे ओढली जात असेल, तर 'ऑटो ट्रिम' ती कसर हळूहळू भरून काढतो. अर्थात शीड जास्त झालं असेल तर आधी तेच कमी करावं. यंत्राला वाऱ्याशी झुंजवण्यात शहाणपण नाही. होकायंत्राजवळ स्पीकर किंवा लोखंडी हत्यारांची पेटी नाही ना, हेही पाहावं. चुंबकाने होकायंत्रच फसलं तर पुढचे सगळे आकडे व्यर्थ.

मग शांत पाण्यात, नेहमीच्या वेगाने, कमी गेनपासून सुरुवात करून तो हळूहळू वाढवायचा. बोट वळणानंतर पलीकडे जाऊ लागली की गेन जरा उतरवायचा आणि काउंटर रडर थोडं थोडं वाढवायचं. वेग निम्मा झाला तर सुकाणूचा जोर साधारण चौथाई उरतो, म्हणून संथ चालीत गेन जास्त लागतो. मागून लाटा येत असतील तेव्हा मात्र प्रत्येक हेलकाव्याला उत्तर द्यायला लावू नये. बोट चार-पाच अंश इकडेतिकडे झाली, तरी बऱ्याचदा लाट पुढे गेली की ती आपोआप परत येते.