एका गिऱ्हाइकावर उभा धंदा : नाशिकच्या लघुउद्योगांची पार्श्वभूमी

नाशिकच्या लहान व्यवसायांवर बाहेरून आलेल्या धक्क्यांचा इतिहास पाहिला, तर नुकसानीचे मूळ बहुधा एकाच ठिकाणी सापडते. माल चांगला होता, मेहनतही कमी नव्हती. पण सगळी विक्री एका गिऱ्हाइकावर किंवा एका बाजारावर टेकलेली होती.

गोदाकाठच्या पेठेची गोष्ट थोडी निराळी आहे. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांच्या महापुरांत सराफ बाजार आणि भांडी बाजारातील दुकानांत पाणी शिरले, आणि नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले हे पाहून माल हलवण्याची रीत तेथे रुळली. मात्र पूर ओसरला की गिऱ्हाईक पुन्हा दारात येते. त्यामुळे या पेठेला सावधगिरी वाढवावी लागली, धंद्याची घडी बदलावी लागली नाही.

ती वेळ औद्योगिक वसाहतींवर आली. १९६० च्या दशकात सातपूरची वसाहत उभी राहिली, १९६४ मध्ये ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आला, आणि मायको (आजची बॉश) व महिंद्र यांच्यासारख्या मोठ्या कारखान्यांच्या आधाराने सातपूर-अंबडमध्ये लेथ, प्रेस, प्लेटिंगचे छोटे कारखाने वाढले. ड्रॉइंग कंपनीचे, अनेकदा कच्चा मालही कंपनीचाच, आणि कारखानदाराला मिळायची ती जॉबवर्कची मजुरी. विक्रीची यातायात नसल्यामुळे ही व्यवस्था सोयीची होती; पण कंपनीने महिन्याचे शेड्यूल, म्हणजे मागणी, निम्म्यावर आणली की छोट्या कारखान्याचे उत्पन्नही निम्म्यावर येत असे, कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच राही. २००८-०९ च्या मंदीत हे ठळकपणे दिसले. पुढे २०१९ मध्ये वाहनविक्री घसरली आणि १ एप्रिल २०२० पासून लागू होणाऱ्या बीएस-६ या वाहनांच्या धुराविषयीच्या निकषांमुळे जुन्या इंजिनांच्या सुट्या भागांचे भवितव्यच अनिश्चित झाले, तेव्हा ज्यांनी आधीच विद्युत उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांची कामे धरली होती त्यांना श्वास घेता आला. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणारे यंत्र त्यासाठी उपयोगी पडते, कारण प्रोग्राम आणि फिक्श्चर (भाग पकडून ठेवणारा साचा) बदलले की त्यावर दुसऱ्या उद्योगाचा भागही निघतो. फक्त ते यंत्र कर्जावर घेतलेले असल्याने रिकामे ठेवता येत नाही.

पैशाच्या बाजूचे धक्के कमी दिसले, तरी ते अधिक खोलवर गेले, असे माझे मत आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने रोख मजुरीवर चालणारी कामे अडली. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि बिलाचे पैसे हाती येण्याआधीच कर भरण्याची पाळी येऊ लागली. लहान उद्योगांची देणी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करावीत असा कायदा २००६ पासून आहे. पण एकुलत्या एक गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार कोण करणार? पैशाशी संबंध नसलेला एक धक्काही याच काळात बसला: एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या लाटेत उद्योगांचा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवण्यात आला, तेव्हा गॅस कटिंगवर चालणाऱ्या फॅब्रिकेशनच्या शेडना काम थांबवावे लागले, आणि ते थांबणे योग्यही होते.

कांद्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, तत्पूर्वी ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले. निर्णय एका रात्रीत होतो आणि माल नाशवंत असतो, म्हणून लासलगाव-पिंपळगावच्या छोट्या निर्यातदाराला व्यवसायाचे रूप बदलण्यास फारसा अवकाशच मिळत नाही.

द्राक्षांना तो अवकाश मिळाला. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अवशेषांवरून युरोपने नाशिकची द्राक्षे अडवली, त्यानंतर अवशेष तपासणी आणि प्रत्येक बागेची नोंद यांना व्यवहारात अपरिहार्य स्थान आले. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी कंपनीने प्रतवारी आणि पॅकिंगची स्वतःची यंत्रणा उभारली होती, म्हणूनच २०२० च्या टाळेबंदीत तिला भाजीपाला व फळे थेट शहरांतील घरांपर्यंत पोहोचवता आली.

वाइनचा प्रवास अधिक वळणांचा आहे. राज्याच्या २००१ च्या धोरणाने करसवलती दिल्या, विंचूरला वाइन पार्क झाले आणि अनेक छोट्या वायनरी सुरू झाल्या. त्यांनी टाक्या घेतल्या, परंतु विक्रीची साखळी उभी केली नाही. २००८-०९ मध्ये मागणी घटताच टाक्या भरलेल्या राहिल्या, करार केलेली द्राक्षे उचलली गेली नाहीत आणि कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या जातींच्या वेली उपटून पुन्हा खाण्याच्या द्राक्षांकडे मोर्चा वळवला. काही वायनरींनी स्वतःचे नाव बाजूला ठेवून मोठ्या उत्पादकांसाठी वाइन करून देणे पत्करले, तर काहींनी गंगापूर धरणाच्या परिसरात रुळलेल्या वाइन पर्यटनाचा मार्ग धरला. त्यात बाटलीचे पूर्ण मोल हाती येते, वितरकाला वाटा द्यावा लागत नाही. पण मार्च २०२० मध्ये पर्यटक थांबले आणि हाच मार्ग सर्वांत आधी बंद पडला. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला होता. विरोधामुळे तो पुढे सरकला नाही, आणि छोट्या वायनरींची विक्री पुन्हा वितरक आणि शनिवार-रविवारी येणारे पाहुणे यांच्यावरच राहिली.