स्टीव्हन्स, नेटी मारिया

(७ जुलै १८६१–४ मे १९१२). अमेरिकन जीववैज्ञानिक. जन्म व्हर्माँट राज्यातील कॅव्हेंडिश येथे. वडील सुतारकाम करीत. अनेक वर्षे शाळेत शिकवल्यावर पस्तिशीत त्या स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाल्या. एम.ए. (१९००) तेथून, तर पीएच.डी. (१९०३) ब्रिन मॉर कॉलेजातून. नेपल्सच्या प्राणिविज्ञान केंद्रात, तसेच जर्मनीतील वुर्ट्सबर्ग येथे जीववैज्ञानिक टेओडोर बोव्हेरी यांच्याकडेही त्यांनी काम केले.

त्यांची कीर्ती कार्नेगी संस्थेने १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शुक्रपेशीजननावरील (नराच्या शुक्रपेशी तयार होण्याच्या क्रियेवरील) निबंधावर उभी आहे. धान्यापिठात वाढणाऱ्या टेनेब्रिओ मॉलिटर या भुंगेऱ्याच्या मादीच्या देहपेशींत २० मोठी गुणसूत्रे (पेशीतील आनुवंशिक गुण वाहणारे धाग्यासारखे घटक), तर नराच्या पेशींत १९ मोठी व १ अगदी लहान, असे त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. निम्म्या शुक्राणूंत १० मोठी, उरलेल्या निम्म्यांत ९ मोठी व ते लहान गुणसूत्र. पहिल्या प्रकारच्या शुक्राणूने अंडे फळले तर मादी, दुसऱ्याने फळले तर नर, हे अनुमान त्यातून निघाले. या जोडीला त्या विषम गुणसूत्रे म्हणत. एक्स व वाय ही नावे नंतरची.

लिंग गुणसूत्रांवरून ठरते, या शोधाचा मान कोणाचा, याविषयी मतभेद आहेत. जर्मन संशोधक हेंकिंग यांनी १८९१ मध्ये कीटकाच्या शुक्रपेशींत एक वेगळा घटक नोंदवला होता. अमेरिकन संशोधक मॅक्लंग यांनी १९०२ च्या सुमारास त्याचा संबंध लिंगाशी जोडला, पण तो नर घडवतो असे मानले. प्रत्यक्षात उलट होते. अमेरिकन जीववैज्ञानिक एडमंड विल्सन यांचे काम स्टीव्हन्स यांच्याच काळातले आणि स्वतंत्र असून, स्टीव्हन्स यांच्या निष्कर्षांचा उल्लेख विल्सन यांनी स्वतः केला आहे. पाठ्यपुस्तकांत मात्र बराच काळ विल्सन यांचेच नाव पुढे राहिले. दोघांना श्रेय देणे रास्त. तरी त्या लहान गुणसूत्राचा अर्थ लावण्यात स्टीव्हन्स यांचे विवेचन अधिक नेमके होते, असे म्हणावे लागते. बाह्य परिस्थितीने लिंग ठरते, हे मत तेव्हा प्रबळ होते. अमेरिकन आनुवंशिकीविज्ञ टी. एच. मॉर्गन हेही १९१० पर्यंत साशंकच होते. स्टीव्हन्स यांच्यावरील मृत्युलेखात मॉर्गन यांनी त्यांचा शोधातील वाटा मान्य केला.

पुढे स्टीव्हन्स यांनी भुंगेऱ्यांच्या अनेक जाती, मावा व फळमाशीसह द्विपंखी कीटक तपासले. ब्रिन मॉरने त्यांच्यासाठी संशोधन-प्राध्यापकपद निर्माण केले, पण ते स्वीकारण्यापूर्वीच स्तनाच्या कर्करोगाने बाल्टिमोर येथे त्यांचे निधन झाले.